विश्लेषण : हिंदी, संस्कृत की संयुक्त? आठवीतली भाषेची निवड नेमकी कोण करते?

तिसऱ्या भाषेवरून 2025 मध्ये राज्यात रण पेटले ते पहिलीच्या वर्गासाठी. पालकांच्या हाती निवडीचा अर्ज येतो तो मात्र सातवी संपताना. पूर्ण हिंदी, पूर्ण संस्कृत की दोन्ही निम्मे-निम्मे? बहुतेक घरांत याचे उत्तर ‘जास्त गुण कशात मिळतात?’ या एकाच प्रश्नावर ठरते. अनेक शाळांत तर तेवढाही प्रश्न उरत नाही, कारण शिक्षक एकाच भाषेचा असतो.

पहिलीपासूनच्या हिंदीचा वाद काय होता?

16 एप्रिल 2025 च्या शासन निर्णयाने मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य झाली. विरोध झाल्यावर 17 जूनला सुधारित निर्णय आला. त्यात ‘अनिवार्य’ जाऊन ‘सर्वसाधारणपणे’ हा शब्द आला. 29 जूनला सरकारने दोन्ही निर्णय मागे घेतले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मराठी माध्यमात पाचवीपासून हिंदी, ही आधीची घडी त्यामुळे मोडली नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 तीन भाषा मागते. त्यातल्या किमान दोन भारतीय असाव्यात आणि कोणतीही भाषा लादू नये, असेही त्यात म्हटले आहे. तिसरी भाषा पहिलीपासूनच हवी, असे मात्र ते म्हणत नाही. 2023 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तिसरी भाषा सहावीपासून आहे. घाई राज्याची होती.

20 मुलांच्या अटीने काय दाखवून दिले?

जूनच्या निर्णयात एक अट होती. हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा हवी असेल, तर त्या इयत्तेत तशी मागणी करणारी किमान 20 मुले हवीत. तेवढी असतील तर शिक्षक मिळेल, नाहीतर ती भाषा ऑनलाइन शिकवली जाईल. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत संपूर्ण वर्गाचा पटच 20 चा नसतो. तिथे हा पर्याय कागदावरच राहिला असता. सहा वर्षांच्या मुलाने नवी भाषा मोबाइलच्या पडद्यावर शिकायची, ही कल्पना कोणाला सुचली असेल कोण जाणे.

तो निर्णय गेला, पण त्यामागचे गणित जुनेच आहे. भाषा मिळते ती शिक्षकाच्या पदानुसार. अक्कलकोट किंवा जतकडच्या मुलाच्या कानावर बाजारात रोज कन्नड पडते. राज्यात कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत, बालभारतीची कन्नड पुस्तकेही निघतात. तरीही शेजारच्या मराठी शाळेतल्या मुलासमोर कन्नडचा पर्याय सहसा येत नाही. 1968 च्या धोरणात हिंदी भाषक राज्यांनी शक्यतो दक्षिणेतली एखादी भाषा शिकवावी, अशी अपेक्षा होती. त्या राज्यांनी बहुतांशी संस्कृत पुढे केली.

आपल्याकडे संस्कृतकडे ओढा का?

गुणांसाठी. हे उघडपणे कबूल करण्यात काही गैर नाही. राज्य मंडळाच्या दहावीला टक्केवारी सहापैकी उत्तम पाच विषयांवर निघते. समजा एखाद्याला मराठीत 85, इंग्रजीत 78, गणितात 68, विज्ञानात 74 आणि समाजशास्त्रात 82 गुण आहेत. हिंदीत 80 पडले, तर गणित वगळून 79.8 टक्के होतात. त्याच जागी संस्कृतमध्ये 95 मिळाले, तर 82.8 टक्के. अकरावीच्या गुणवत्ता यादीत हे तीन टक्के महाविद्यालय बदलू शकतात.

संस्कृतमध्ये गुण का पडतात? शब्दरूपे, धातुरूपे, संधी यांची उत्तरे ठरलेली असतात आणि काही प्रश्नांची उत्तरे तर माध्यमभाषेत, म्हणजे मराठीतही लिहिता येतात. पण ‘स्कोअरिंग’ म्हणजे सोपी नव्हे. पूर्ण संस्कृतचे ‘आमोद’ हे पाठांतराची सवय नसलेल्या मुलाला जड जाते. संयुक्तमध्ये ‘आनंद’ आणि हिंदीचे ‘लोकवाणी’ अशी प्रत्येकी 50 गुणांची दोन पुस्तके. ओझे निम्मे वाटते. प्रत्यक्षात दोन व्याकरणे सांभाळावी लागतात.

आणि हिंदी तर येतेच ना?

बोलता येते, लिहिता येतेच असे नाही. लिपी एकच असल्याने फसगत अधिक होते. मराठीत ‘कवी’, हिंदीत ‘कवि’. ‘आत्मा’ आपल्याकडे पुल्लिंगी, तिकडे स्त्रीलिंगी. ‘शिक्षा’ म्हणजे तिकडे शिक्षण. ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न. ‘राजीनामा’ म्हणजे समझोता. सिनेमातून हिंदी शिकलेले मूल निबंधात आणि पत्रलेखनात इथेच गुण घालवते. पहिलीपासून हिंदी नको म्हणणाऱ्यांचा एक शैक्षणिक मुद्दा हाच होता, की मराठीतले ऱ्हस्व-दीर्घ बसण्याआधीच दुसरे नियम कशाला? तेरा वर्षांच्या मुलाला हे फरक समजावता येतात, त्याला त्यात मजाही वाटते.

दुसऱ्या राज्यात शिक्षण किंवा नोकरी होण्याचा संभव असेल, तर नीट लिहिता येणारी हिंदी उपयोगाची आहे. गुणपत्रिकेत ते दिसत नाही, एवढेच.

फ्रेंच, जर्मन घेता येते का?

राज्य मंडळाच्या यादीत या भाषा आहेत, पण शिकवणाऱ्या शाळा मोजक्या आणि बहुतांशी शहरी. शिवाय 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. इंग्रजी आणि मराठीनंतर तिसरी जागा परदेशी भाषेला दिली, तर ‘किमान दोन भारतीय’ ही अट मोडते. तेव्हा शाळेत ती भाषा दहावीपर्यंत मुख्य विषय म्हणून राहणार की जादा विषय म्हणून, हे आधी विचारावे. 2014 मध्ये केंद्रीय विद्यालयांत तिसरी भाषा म्हणून शिकवली जाणारी जर्मन ऐन शैक्षणिक वर्षात बंद झाली होती. मुलांना अर्ध्या वर्षात संस्कृतकडे वळावे लागले. अखेर त्या वर्षी त्यांची संस्कृतची परीक्षा घेणार नाही, असे केंद्राला सर्वोच्च न्यायालयात सांगावे लागले.

मग शाळेला काय विचारावे?

सर्वांत आधी शिक्षकाबद्दल. संस्कृतचा शिक्षक कायम आहे की तासिका तत्त्वावर? तो मध्येच गेला तर मुलांचे काय? वर्गातली निम्मी मुले हिंदीला आणि निम्मी संस्कृतला जातात, तेव्हा दोन्ही तास खरोखर होतात, की एका गटाला ग्रंथालयात बसवून ठेवतात? मागच्या दोन-तीन वर्षांचे विषयवार निकाल शाळेकडे असतात. ते मागायला संकोच नको.

मग मुलाला पाचवी ते सातवीची हिंदीची वही घेऊन बसवावे. शुद्धलेखनाच्या त्याच त्याच चुका दिसत असतील, तर पूर्ण हिंदीला घरी मेहनत लागेल. व्याकरणाचे तक्ते पाठ करायला आवडत असतील, तर संस्कृत जमेल. मित्र काय घेतात, याला मुलाच्या लेखी फार वजन असते, तेही ऐकून घ्यावे.

अकरावीला इंग्रजी अनिवार्य, आणि दुसऱ्या भाषेच्या जागी माहिती तंत्रज्ञान घेता येते. अनेक मुले तेच घेतात. आठवीत निवडलेली भाषा त्यांच्यासाठी दहावीच्या मार्चमध्ये संपलेली असते.