आरशाची सफाई आणि कड्याचे तरुण

आष्टी तालुक्यातील कडा हे गाव आता रेल्वेच्या नकाशावर आले आहे. अहमदनगर ते नवी आष्टी हा मार्ग २३ सप्टेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी गाडी बीडला पोहोचली. ज्या मुलखातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात, तेथील तरुणास आज अहिल्यानगर झालेल्या त्या शहरातील कारखाने जवळ आले, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु कारखान्याच्या फाटकातून आत गेल्यावर त्याच्या वाट्याला कंत्राटी ओझेवाहूपणा येणार की यंत्रावरचे जबाबदारीचे काम, हा प्रश्न गाडीने सुटत नाही. यंत्रकाम कोणत्या दिशेने चालले आहे, हे पाहिल्यावाचून त्याचे उत्तर मिळणार नाही.

साध्या लेथवर मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत काम नेमके उतरले, तर कारागिराची पाठ थोपटली जाते. अतिसूक्ष्म यंत्रकामात मात्र हिशेब नॅनोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाचा असतो. एकसंध हिऱ्याच्या टोकाने तांबे किंवा ॲल्युमिनियम असे तासले जाते, की पृष्ठभागाचा खडबडीतपणा काही नॅनोमीटरच उरतो आणि पॉलिश न करताही त्यात चेहरा दिसतो. डोळ्यांत बसवायची कॉन्टॅक्ट लेन्सही अशाच हिऱ्याच्या लेथवर कातली जाते. नॅनोतंत्रज्ञान हा शब्दच मुळी १९७४ साली जपानच्या नोरिओ तानिगुची यांनी या कामासंदर्भात वापरात आणला.

कागदावर हे शास्त्र सोपे वाटते. टूलची प्रत्येक फेऱ्यातील सरक निम्मी केली, की मागे राहणारे चर चौथाई खोलीचे होतात. प्रत्यक्षात मात्र वेगळेच शत्रू आडवे येतात. तपमान एका अंशाने वाढले, तर दहा सेंटिमीटर लांबीचा पोलादी तुकडा सुमारे अकराशे नॅनोमीटरने वाढतो. म्हणूनच मोजमापाचे प्रमाण तपमान जगभर २० अंश सेल्सिअस ठरलेले आहे. बीड जिल्ह्यात उन्हाळ्याचा पारा चाळिशी ओलांडतो, हे येथे ध्यानात घ्यावे. याखेरीज जमिनीची कंपने आणि हिऱ्याच्या धारेची झीज आहेच. जुना टर्नर लेथच्या आवाजावरून टूल बोथट झाल्याचे ओळखी. नॅनोमीटरच्या कामात तो आवाज कानांच्या पलीकडे जातो. तेव्हा टूलवरचा दाब, कंपने, उष्णता आणि कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरी संवेदकांनी टिपून, काम चालू असतानाच त्याच्यावर पहारा ठेवावा लागतो. काम संपल्यावर तपासणाऱ्याच्या हाती केवळ भंगार येते.

परंतु पहारा म्हणजे नुसती उपकरणे नव्हेत. २४ एप्रिल १९९० रोजी अवकाशात सोडलेल्या हबल दुर्बिणीचा २.४ मीटर व्यासाचा आरसा विलक्षण गुळगुळीत होता. चुकला होता तो त्याचा आकार. तपासणीच्या उपकरणातील एक भिंग १.३ मिलिमीटरने चुकीच्या जागी बसले होते. परिणामी कडेपाशी आरसा सुमारे २.२ मायक्रॉनने अधिक सपाट झाला. दुसऱ्या, साध्या चाचण्यांनी ही चूक दाखविलीही होती; पण त्या कमी भरवशाच्या म्हणून बाजूस सारण्यात आल्या. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांना वर धाडून ती दृष्टी सुधारावी लागली. तेथे उणीव यंत्राची नव्हती. समोर आलेला विसंगत आकडा वरिष्ठांपुढे ठामपणे मांडण्याची शिस्त कमी पडली.

हा विषय मराठवाड्याला परका राहिलेला नाही. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथनजीक गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटरच्या असणार आहेत. लायगोच्या अमेरिकेतील वेधशाळांत सुमारे ४० किलो वजनाचे आरसे आहेत; त्यांच्या पृष्ठभागात नॅनोमीटरभर चूकही खपत नाही. असे उपकरण आपल्या भूमीवर उभे राहताना भूमिपुत्रांनी केवळ खड्डे खणावेत आणि कुंपण राखावे काय?

जेथे उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची भ्रांत पडते, तेथे नॅनोमीटरच्या गप्पा कशाला, असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप अगदीच निराधार नाही. हिऱ्याचा लेथ कड्यास आणावा, असे कोणी म्हणणारही नाही. परंतु मोजण्याची सवय लावण्यास तेवढा खर्च लागत नाही. दुष्काळी तालुक्यांतील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत तपमान राखलेली एक खोली, मायक्रोमीटर, डायल गेज, स्लिप गेज, पृष्ठभागाचा खडबडीतपणा मोजणारे एखादे उपकरण आणि रोजच्या नोंदींची वही एवढे तरी असावे. परीक्षेत तयार जॉबइतकेच गुण त्या नोंदींना असावेत. जॉब का बिघडला हे प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या मुलाचे गुण कापले, तर तो आकडे झाकण्यासच शिकेल. आणि आकडे झाकण्याची किंमत काय पडते, हे हबलने दाखविलेच आहे.

राज्याच्या कौशल्य विभागाने हिंगोलीच्या प्रकल्पाशी मराठवाड्यातील प्रशिक्षण संस्थांचा संबंध आताच जोडावा. वेधशाळा उभी राहिल्यावर तंत्रज्ञ बाहेरून आणले, तर स्थानिकांची तक्रार ऐकण्यास कोणी रिकामे नसेल. कोयता चालविणाऱ्या हातांत नेमकेपणा असतोच. त्या हातांच्या पुढच्या पिढीला मोजमापाचे शिक्षण देणे हे शासनाचे काम आहे.