शाळेचे पंचांग आणि शेताचे पंचांग

पऱ्हाटीची बोंडे फुटून वेचणीस आरंभ झाला, म्हणजे आमच्या वर्धा जिल्ह्यातील खेड्यापाड्यांच्या शाळांचे हजेरीपट पातळ होऊ लागतात. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची सवंगणी, तिच्या पाठोपाठ कापसाचा पहिला वेचा, मग तूर. आणि गहू-हरभरा खळ्यावर यावयास आणि शाळेच्या परीक्षा दारात यावयास एकच गाठ पडते. ज्या दोन महिन्यांत वावर मोकळे असते त्याच दोन महिन्यांत शाळेलाही सुटी असते. वैशाखातील वर्ध्याचे ऊन ज्याने अनुभवले आहे, तो या शेवटच्या गोष्टीबद्दल शिक्षणखात्यास दोष देणार नाही. परंतु एकंदरीत पाहता शाळेचे पंचांग ज्यांनी सिद्ध केले, त्यांनी शेताचे पंचांग कधी उघडून पाहिले असेल असे वाटत नाही.

या दोन पंचांगांच्या कात्रीत सापडून ज्यांचे शिकणे मध्येच तुटले असे तरुण व अशा लेकीसुना प्रत्येक गावी आहेत. त्यांच्यासाठी मुक्त विद्यालय नावाची जी सोय झाली आहे, तिचा विचार आमच्या वाचकांपुढे ठेवावा अशी आमची बऱ्याच दिवसांची इच्छा होती. अनेकांस ती ठाऊक नाही, आणि ज्यांस ठाऊक आहे त्यांतील काहींनी तिचा भलताच अर्थ करून घेतला आहे.

प्रथम सोय काय आहे ते सांगतो. १९७९ साली दिल्लीस केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने प्रयोग म्हणून एक मुक्त शाळा काढली. १९८९ मध्ये तीस स्वतंत्र संस्थेचे रूप आले, आणि २००२ पासून ती राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था या नावाने चालते. चौदा वर्षे पूर्ण झालेल्या कोणासही तेथे दहावीसाठी नाव घालता येते. वरच्या वयाची अट नाही. एकदा नोंदलेले नाव पाच वर्षे टिकते, त्या अवधीत परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, आणि पाचही विषय एका दमात सोडवावे लागत नाहीत. आज दोन, पुढल्या खेपेस एक, असे ते एकेक करून पदरात पाडता येतात. अभ्यास मराठीतून करता येतो. आपल्या राज्य सरकारनेही २०१७ साली राज्याचे स्वतःचे मुक्त विद्यालय स्थापण्याचा निर्णय घेतला, आणि त्यात पाचवी व आठवीच्या परीक्षांचाही मार्ग ठेवला आहे. याखेरीज सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी-बारावीस बसण्याची जुनी वाट आहेच. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून चालू असून फळबागा, भाजीपाला अशा विषयांचे अभ्यासक्रम त्याने घरी राहून शिकणाऱ्यांसाठी चालविले आहेत. तेव्हा वाट नाही असे म्हणण्यास जागा नाही. वाटेवर दिवा नाही, इतकेच फार तर म्हणता येईल.

आमच्या परिचयाचे देवळी तालुक्यातील एक तरुण कास्तकार आहेत. वडिलांनी अंथरूण धरले तेव्हा हे नववीत होते. पेरणी तोंडावर आलेली, घरात दुसरा कर्ता पुरुष नाही. शाळा सुटली ती सुटलीच. पुढे पंधरा वर्षांनी गावात कृषी सेवा केंद्र काढण्याचे त्यांनी मनात आणले, तेव्हा दहावीच्या दाखल्यावाचून गाडी अडली. एका शाळेत सतरा नंबरच्या फॉर्मची चौकशी केली, तेथे 'पुढच्या महिन्यात या' असे ऐकून आले, आणि पुढच्या महिन्यात गेले तो मुदत टळून गेलेली. शेवटी मुक्त विद्यालयात नाव घातले व तीन खेपांत पाच विषय सोडविले. पुस्तक उघडण्याची वेळ कोणती, असे आम्ही विचारले असता ते म्हणाले, "रात्रीची लाइन असली की मोटारीपाशी बसावंच लागते; तिथंच वाचलं." ओलिताच्या पाळ्या रात्री देणाऱ्या वीजखात्याने नकळत एक विद्यार्थी पास केला म्हणावयाचा!

त्यांना दहावीचा दाखला कशासाठी हवा होता, ते मुद्दाम सांगण्यासारखे आहे. खते व कीटकनाशके विकणाऱ्यास काही एक शेतकी शिक्षण असलेच पाहिजे, असा दंडक गेल्या दशकात आला. ज्यांना तसे शिक्षण नाही अशा दुकानदारांसाठी हैदराबादच्या 'मॅनेज' या संस्थेने २००३ सालापासूनच एक वर्षाची पदविका चालू केली होती. तिची रचना पाहण्याजोगी आहे. अठ्ठेचाळीस आठवडे, आठवड्यातून एकच दिवस, आणि तो दिवस त्या गावच्या बाजाराच्या सुटीचा. चाळीस दिवस वर्गात शिकावयाचे आणि आठ दिवस शेतावर जाऊन पाहावयाचे. दुकानदाराचा एक दिवसाचाही धंदा बुडू नये इतकी काळजी! आमची तीस हरकत नाही, उलट तारीफच आहे. पण विकणाऱ्याचे पंचांग पाहून शाळा भरविता येते, तर पिकविणाऱ्याचे पंचांग पाहून का भरविता येऊ नये, एवढाच आमचा प्रश्न आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या मुख्य परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे व ऑक्टोबर-नोव्हेंबरात होतात. पहिली वेळ आम्हांस सोयीची. दुसरी मात्र ऐन सवंगणी-वेचणीत येते. मागेल तेव्हा परीक्षा देण्याचीही एक तरतूद आहे, पण ती ठराविक केंद्रांवरच असल्याने खेड्यातल्या माणसास तिचा उपयोग थोडा.

लिहितावाचता येणे ही कास्तकारास शोभेची वस्तू राहिलेली नाही. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. किती पाण्यात किती औषध, फवारल्यावर किती दिवस तोडा करू नये, विषबाधा झाल्यास काय करावे, हे सारे सोबतच्या घडीपत्रकात मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेले असते. २०१७ च्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले. त्याची कारणे अनेक होती, आणि केवळ निरक्षरतेवर खापर फोडणे हा मेलेल्यांवर अन्याय होईल. तरी डब्यावरचे वाचणारा माणूस पंपाजवळ असता तर एखादे घर वाचले असते, ही गोष्ट आमच्या मनातून जात नाही.

महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेत मोडी, बालबोध, हिशेब यांबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञानही असावे, असे मागितले होते. पुढे आमच्याच वर्ध्यात २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, तेही मातृभाषेतून, आणि त्याच्या केंद्रस्थानी मुलाच्या परिसराला धरून एखादा हातउद्योग, असे ठराव तीत झाले. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने २ डिसेंबर १९३७ रोजी अहवाल दिला. त्यातील वेळापत्रक आज वाचले तरी आश्चर्य वाटते. साडेपाच तासांच्या शाळेत तीन तास वीस मिनिटे मूलोद्योगास दिली होती, आणि त्या उद्योगांत सूतकताई व सुतारकामाबरोबर शेतीचाही समावेश होता. त्याच सुमारास मध्यप्रांतात पं. रविशंकर शुक्ल यांची विद्यामंदिर योजना निघाली. गावोगाव शाळेला जमीन दान मिळावी आणि तिच्या उत्पन्नावर शाळा चालावी, अशी ती कल्पना होती. जमिनीवर शाळा चालविण्याचा हा विचार आमच्यासारख्या जमीनधारकांनी विसरावयास नको होता; पण विसरलो खरे. नई तालीम पुढे बहुतेक ठिकाणी नावापुरती उरली. सेवाग्रामला 'आनंद निकेतन' ही शाळा २००५ पासून त्या विचाराने पुन्हा चालू झाली आहे, हे समाधान.

नई तालीम आणि मुक्त विद्यालय यांची गल्लत मात्र करू नये. नई तालमीने काम शाळेत आणले. मुक्त विद्यालय शिकणाऱ्यास कामावरच ठेवते आणि पुस्तक त्याच्याकडे धाडते. पहिलीत मूल वाफा मोजताना क्षेत्रफळ शिकते व गुरुजी शेजारी उभे असतात. दुसऱ्यात वावर, पुस्तक आणि माणूस तिन्ही एका जागी असूनही त्यांची एकमेकांशी ओळख करून देणारे कोणी नसते. दहा वर्षे पऱ्हाटीवरची बोंडअळी पाहणाऱ्या मनुष्याला जीवशास्त्राच्या पुस्तकात तीच अळी भेटत नाही, आणि त्याच्या दहा वर्षांच्या पाहण्यास एकही गुण मिळत नाही. मुक्त शिक्षणाचे मोठे न्यून आमच्या मते हेच. लोक दाखल्याच्या किमतीबद्दल शंका घेतात, ती शंका निराधार आहे. कायद्याने तो दाखला इतर मंडळांच्या दाखल्याच्या बरोबरीचा आहे. गुरुजींवाचूनचे शिकणे हा खरा अडथळा. पुस्तके टपालाने येतात, शंका टपालाने जात नाहीत.

आणखी एक सोय आहे, जी आम्हांस गैरसोय वाटते. विषय निवडण्याची मोकळीक असल्याने पुष्कळ जण गणित टाळतात. पास होणे त्याने सोपे होते हे खरे. पण ज्याला एकरी खर्च, कर्जावरचे व्याज आणि जिनिंगवरच्या काट्यातील तूट यांचा हिशेब रोज करावयाचा, त्याने गणितापासून पळावे हे आम्हांस पटत नाही. शिवाय पुढच्या काही वाटा गणितावाचून अवघड होतात. घ्यावे गणित, लागोत चार खेपा. खेपा नऊ आहेत.

आता ज्या भलत्या अर्थाचा उल्लेख आम्ही आरंभी केला, त्याकडे वळतो. "मुक्त शाळा आहेच, मग पोराला पाचवी-सहावीतून काढलं तर बिघडलं काय? पुढं केव्हाही देईल परीक्षा," असे बोलणे आमच्या कानांवर आले आहे, आणि बोलणारे अडाणी नव्हते, चांगले वीस-पंचवीस एकरांचे धनी होते. हे आम्ही साफ नाकारतो. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाचा शाळेवर हक्क आहे. तसा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. मुक्त विद्यालय हे तुटलेला दोर जोडण्यासाठी आहे, धड दोर तोडावयास कोयता म्हणून नव्हे. आणि हे धनी ज्याविषयी बोलत होते तो 'पोरगा' बहुधा त्यांच्या स्वतःच्या घरचा नव्हताच. त्यांची मुले वर्ध्याला वा नागपूरला गाडीने शाळेत जातात. वेचणीला येते ती सालदाराची किंवा मजुराची मुलगी.

येथे वाचकांनी कायदा नीट समजून घ्यावा. बालकामगारविषयक १९८६ च्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलास कोणत्याही कामावर ठेवण्यास तिने मनाई केली. शाळेच्या वेळेबाहेर वा सुटीत मुलाने आपल्याच कुटुंबाच्या शेतात मदत करावी, एवढी सूट ठेविली. म्हणजे आपला नातू रविवारी आपल्या वावरात चार बोंडे वेचील तर तो अपराध नव्हे. मजुराची बारा वर्षांची मुलगी आईसोबत आपल्या वावरात किलोच्या भावाने वेचील, तर तो आपला अपराध आहे. आई तिला घेऊन आली, आम्ही बोलाविले नव्हते, ही सबब आम्हीही पूर्वी सांगितली आहे. ती खरी नाही. किलोमागे दर ठरला की आणखी दोन हात कोठून आले हे कोणी विचारीत नाही, आणि माप घेताना धनी स्वतः काट्याजवळ उभा असतो.

चौदा वर्षांपुढील गोष्ट निराळी. तेथे ही सोय आम्हांस मनापासून हवी आहे, आणि ती खेड्यात आणावयाची तर थोडा खर्च व पुष्कळ मन लागेल. बाजाराच्या दिवशी मजुरी बहुधा बंद असते. त्या दिवशी तीन तास अभ्यासवर्ग भरावा. निवृत्त शिक्षक गावोगाव आहेत, त्यांस मानधन द्यावे. महिन्यातून एकदा सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात या वर्गास न्यावे, म्हणजे पुस्तकातली अळी आणि वावरातली अळी यांची गाठ पडेल. ज्यांचा सालदार किंवा सालदाराचा मुलगा परीक्षेस बसला आहे, त्यांनी परीक्षेचे दिवस खाडा म्हणून कापू नयेत. लग्न होऊन आलेली सून दहावीस बसू इच्छित असेल तर तिच्या वाट्याची दोन कामे घरातल्या दुसऱ्या कोणी उचलावी. हे लिहिणे सोपे आहे, आणि आमच्या स्वतःच्या घरी ते गेल्या वर्षी पुरते साधले नाही, हेही लिहून टाकतो.

आमच्या संघाच्या गोदामालगतची खोली हंगामात बारदान्याने भरलेली असते व चैत्र ते ज्येष्ठ रिकामी पडून असते. एप्रिल-मेच्या परीक्षेस बसणाऱ्यांस तयारीसाठी ती फाल्गुनातच मोकळी करून द्यावी, अशी सूचना आम्ही येत्या सभेपुढे मांडणार आहोत. तिला दोन अडचणी येतील हे आम्हांस दिसते. त्या दिवसांत शेवटचा वेचा आणि नवी तूर यांचा बारदाना कोठे ठेवावयाचा ही एक. आणि संध्याकाळी किल्ली कोणी घ्यावयाची ही दुसरी. पहिलीसाठी ज्यांच्या घरी कोठा मोकळा असेल त्यांनी कळवावे. दुसरीसाठी, निदान या वर्षी, किल्ली आम्ही घेऊ.