पाणबुडी पंपाचें तेल

वसईच्या पूर्वेस एव्हरशाईन सिटीसारख्या वसाहती उठल्या, तरी पश्चिमेकडील केळीच्या व पानवेलींच्या वाड्या अद्याप विहिरींवर जगतात. पूर्वीचा रहाट कुरकुरला, कीं बागाईतदार त्यास तेल घालीत असे. पाणबुडी पंप पाण्याखालीं दडलेला. त्याचें दुखणें दिसत नाहीं.

तेलाच्या पंपांत रेतीनें सील झिजलें, कीं पाणी आंत शिरून तेल ताकासारखें पांढुरकें होतें. तें पाणी वाइंडिंगास पोंचलें, कीं मोटार जळते. हें वैशाखांत घडल्यास मोटारीबरोबर पानवेलही जाते.

म्हणून आमचें मत असें कीं, पावसाळ्यांत पंप स्वस्थ असतांनाच वीज तोडून तो वर काढावा व तेल तपासावें. तें पांढुरकें असल्यास नुसतें बदलून भागत नाहीं. सीलही बदललेंच पाहिजे. नवें तेल कारखानदारानें सांगितलेल्या जातीचें व मापाचेंच भरावें. कित्येक मोटारी स्वच्छ पाण्यानें भरावयाच्या असतात. त्यांत तेल घालूं नये.

पंप दुरुस्तीस देऊन घरीं परतूं नये. काढलेलें तेल आपल्या डोळ्यांनीं पाहावें. बैलाचे दांत पाहणाऱ्या शेतकऱ्यास हें जड नाहीं.