मुक्त प्रणाली आहे; वाटाड्या कोठे आहे?

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नियमित आधार काढून घेतला. विंडोज 11 ला विशिष्ट सुरक्षा-चिप व नवा प्रोसेसर लागतो. रत्नागिरी जिल्ह्यातील एखाद्या शाळेने वर्गणी जमवून घेतलेला संगणक कालही चालत होता, आजही चालतो. तरी कंपनी म्हणते, नवा घ्या. याला प्रगती म्हणावयाचे की खंडणी?

पर्याय हाताशी आहे. लिनस टॉरवाल्ड्स यांनी 1991 साली आरंभलेल्या लिनक्सवर उभ्या असलेल्या कित्येक प्रणाली जुन्या यंत्रांवर चालतात. त्या विनामूल्य मिळतात आणि त्यांचा सोर्स कोड कोणालाही वाचता व बदलता येतो. केंद्र सरकारने 2015 साली मुक्तस्रोताचे धोरण जाहीर केले. सी-डॅकने ‘बॉस’ ही प्रणाली तयार केली. केरळच्या सरकारी शाळांत तर मुलांची एक पिढी लिनक्सवर शिकून बाहेर पडली. मग आपले घोडे अडले कोठे?

‘लिनक्स सामान्यांना झेपत नाही,’ असे उत्तर मिळते. ते आम्हांस मान्य नाही. अवघड आहे ते योग्य साहाय्य सापडणे. विंडोज बिघडली तर नाक्यावरचा दुकानदार आहे. लिनक्सवर प्रिंटर चालेना किंवा मराठी कळफलक मिळेना, तर नवख्या माणसाच्या पदरी इंटरनेटवरील जुन्या, परस्परविरोधी, इंग्रजी सूचनांचा ढिगारा पडतो. वस्तुतः खात्रीची ठिकाणे आहेत. मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतून विनामूल्य ऐकता येतात. डेबियन व उबुंटू यांची अधिकृत मार्गदर्शने आहेत. आर्च लिनक्सचा ‘विकी’ हा ज्ञानसंग्रह अन्य लिनक्स वापरणाऱ्यांनाही उपयोगी पडतो. उणीव साहित्याची नव्हे, ते लोकांपर्यंत नेणाऱ्या संघटनेची आहे.

येथे आपलाच इतिहास आठवावा. जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, परकीय भागभांडवलावरील मर्यादा नाकारून आयबीएम 1978 साली देशातून गेली. तिची यंत्रे बंद पडली नाहीत. कारण त्यांच्या देखभालीची जबाबदारी सार्वजनिक क्षेत्रातील कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशनने उचलली. मक्तेदाराला नकार देणे ही अर्धी लढाई होय. त्याच्या जागी देखभाल करणारे हात उभे करणे ही उरलेली अर्धी.

रत्नागिरीत सार्वजनिक वाचनालयाची परंपरा 1828 पासूनची आहे. पुस्तके सर्वांची असावीत हे ज्या गावाला तेव्हा पटले, त्याला संगणकाविषयी तेच पटवणे अशक्य नाही. आमची मागणी साधी आहे: शाळांचे संगणक मोडीत काढण्यापूर्वी त्यांवर लिनक्स चालवून पाहावे, जिल्ह्यातील प्रत्येक वाचनालयात आठवड्यातून एक दिवस मदतीचे टेबल मांडावे, आणि खात्रीच्या ठिकाणांची मराठी यादी भिंतीवर लावून ती दर महिन्याला तपासावी.

शासन हे करील तेव्हा करो. यादीचा पहिला कागद लिहिण्यास कोणाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. कार्यकर्त्यांनी या रविवारीच आरंभ करावा.