पोळ्याचं पुरण आणि आमचा मोती

मैत्रिणींनो, स्वयंपाकाच्या ह्या पानावर आज चक्क कुत्र्याचं पथ्य लिहिते आहे. हसू नका. ज्यांच्या दारात लेकरासारखा वाढवलेला कुत्रा आहे, त्यांच्या ते कामी येईल.

गेल्या वर्षी पोळ्याला आमच्या वाशीमच्या घरी पुरणपोळी, वडे, भजी असा रीतसर बेत होता. बैलांचा मान झाला, मग मोतीचा. सासूबाईंनी तुपात भिजवलेली पोळी घातली, मुलांनी भजी, आणि मी, खोटं कशाला सांगू, कढईतलं उरलेलं तेल भाकरीवर ओतून त्याच्यापुढे ठेवलं. वाया कशाला घालवायचं!

दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. मोती पुढचे पाय जमिनीला टेकवी, मागचा भाग उंच करी आणि तसाच राही. मला वाटलं, आळस देतोय. पोट बिघडलं असेल म्हणून सायीचं दूध घालून भाकर कुस्करली. त्याने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. संध्याकाळी पोटाला हात लावताच कळवळला, तेव्हा कुठे आमची धावपळ सुरू झाली. हे त्याला घेऊन अकोल्याला गेले. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. स्वादुपिंडाला सूज होती.

जठराजवळची ही ग्रंथी अन्न पचवणारे रस तयार करते. ते रस खरं म्हणजे आतड्यात गेल्यावर कामाला लागायचे. ह्या आजारात ते ग्रंथीतच कामाला लागतात आणि तिलाच पचवू लागतात. कारण दर वेळी सापडतंच असं नाही, पण एकदम पोटात गेलेलं तेलतूप हे एक निमित्त असतं. जीवही जाऊ शकतो. म्हणून अशा वेळी घरगुती उपायांत दिवस घालवू नका, आणि आपल्या डब्यातली तापाची, अंगदुखीची गोळी तर मुळीच देऊ नका. ती कुत्र्याला विषासारखी बाधू शकते.

मोतीला सलाईन, उलटी थांबवण्याची आणि दुखण्याची औषधं मिळाली. पूर्वी अशा कुत्र्याला दोन-तीन दिवस उपाशी ठेवत. आता उलट्या आटोक्यात आल्या की थोडं थोडं खायला लवकरच सुरू करतात.

आमच्याकडे मऊ भात आणि कोंबडीच्या छातीचं मांस, कातडी काढून नुसत्या पाण्यात उकडलेलं. ते पाणी थंड करून वरचा तवंग काढून टाकायचा, मगच भातावर घालायचं. मांस शिजत नसेल त्या घरी अंड्याचा उकडलेला पांढरा भाग किंवा साय पुरती काढलेल्या दुधाचं दही चालतं का, ते डॉक्टरांना विचारा. फोडणी नाही, मीठ नाही. कांदा, लसूण आणि मनुका तर निरोगी कुत्र्यालाही नकोत. दोन वेळचं जेवण चार वेळांत वाटून द्यायचं. मात्र नुसत्या भात-कोंबडीवर महिनोन् महिने ठेवलं तर अंगाला लागणारं बरंच काही कमी पडतं. पुढचा आहार डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. विकतचं खाद्य आणलंत तर पिशवीवर स्निग्धांशाचा आकडा आधी वाचा.

एवढं सगळं सोपं. अवघड काय, तर घरातली माणसं! मोती पथ्य मोडत नाही, आपणच मोडतो. शेजारच्या वहिनी कुंपणावरून शेंगदाण्याची चटणी लावलेली भाकर टाकायच्या. त्यांना समजावताना मलाच कानकोंडं झालं. खरकट्याची बादली आता झाकून ओट्यावर ठेवते. सासूबाईंचा हात मात्र राहीना. "मुका जीव तोंडाकडे बघतो गं," म्हणायच्या. शेवटी त्यांच्या ताटाशेजारी उकडलेल्या लाल भोपळ्याच्या फोडींची वाटी ठेवू लागले. आता त्या जेवता जेवता एकेक फोड देतात आणि दोघंही खूश असतात. फक्त फोडीला मीठ लावायचं नाही, हे रोज सांगावं लागतं.