उपासना आणि स्वभाव

बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात राहून रोज मुंबई गाठणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबात उपासनेला वेळ कुठला, असा प्रश्न हटकून निघतो. पहाटेची लोकल कोणासाठी थांबत नाही, हे खरेच. पण वेळ काढून रोज बायबल उघडले आणि तरीही घरातला संताप, अबोला, मानापमान जसेच्या तसे राहिले, तर त्या वाचनाने साधले काय?

याचे उत्तर मराठीतच सापडते. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळले. पुढे त्या पतीकडे परतल्या, तरी आपले सोवळे सांभाळूनच. ते सुटले स्वतःच्या विचाराने, कोणाच्या धाकाने नव्हे. आणि १९०० मध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. टिळकांचा तापटपणाही बाप्तिस्म्याने एका दिवसात निवळला नाही. 'स्मृतिचित्रे'त बाई हे सारे सांगतात, पण कडवटपणा नाही. पुष्कळदा त्या स्वतःलाच हसतात. याला म्हणावे परिपक्वता! १९१९ मध्ये टिळक गेले, तेव्हा त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनीच पुढे नेले.

श्रद्धा एका दिवसात स्वीकारता येते. स्वभाव मात्र रोज थोडाथोडा घडवावा लागतो. म्हणून दहाच मिनिटे बसा. एक वचन वाचा, काल कोणाला दुखावले ते देवासमोर सांगा, आणि गाडी पकडण्यापूर्वी त्या माणसाशी दोन शब्द बोला. एवढे जमले, तर त्या दिवसाची उपासना झाली असे खुशाल समजावे.