ई-स्कूटरची बॅटरी कम्प्युटरवर थंड, रस्त्यावर मात्र गरम. असं का होतं?

मार्च २०२२मध्ये पुण्यातल्या लोहगावमध्ये रस्त्याकडेला उभ्या असलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरने पेट घेतला. तो व्हीडिओ देशभर व्हायरल झाला. त्यानंतर केंद्र सरकारने बॅटरी सुरक्षेचे 'एआयएस-१५६' हे निकष कडक केले. डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत ते लागू झाले.

पण चाचणीच्या कितीतरी आधी बॅटरी 'तापते' ती कम्प्युटरवर. यालाच थर्मल सिम्युलेशन म्हणतात. प्रत्येक डिझाइनचा पॅक बनवून तपासणं महाग आणि धोक्याचं असतं, म्हणून कंपन्या आधी गणिताने अंदाज बांधतात. प्रश्न असा, की या अंदाजावर विश्वास किती ठेवायचा?

फरक कुठून येतो?

बॅटरीतली बरीचशी उष्णता तिच्या अंतर्गत रोधामुळे तयार होते. करंट दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते. पण हा रोध कायम सारखा नसतो. तापमान, चार्जिंगची पातळी आणि बॅटरीचं वय यांनुसार तो बदलतो. सेलला जोडणाऱ्या पट्ट्यांचं वेल्डिंग कच्चं असेल तर तिथे जास्तीची उष्णता तयार होते.

मोजमापालाही मर्यादा आहेत. सेन्सर सहसा सेलच्या बाहेरच्या बाजूला चिकटवलेला असतो. जोरात वापर सुरू असताना सेलचा गाभा त्याहून गरम असतो. त्यामुळे सिम्युलेशनमधला कोणता बिंदू कोणत्या सेन्सरशी ताडून पाहायचा, हेही महत्त्वाचं ठरतं.

आकडे जुळले म्हणजे झालं का?

नाही. एक उदाहरण पाहू. समजा, पॅकमध्ये प्रत्यक्षात १०० वॉट उष्णता तयार होते आणि तापमानातल्या दर अंश फरकामागे ५ वॉट बाहेर जाते. पॅक हवेपेक्षा २० अंशांनी तापून स्थिरावेल. आता सिम्युलेशनमध्ये चुकून ७० वॉट आणि ३.५ वॉट धरले, तरी उत्तर २० अंशच येतं! दोन चुकांनी एकमेकींना झाकलं.

ही झाकली मूठ घाटात उघडते. चढावर थोड्या वेळात खूप करंट लागतो. तिथे पॅक किती वेगाने तापतो हे महत्त्वाचं असतं आणि हा वेग सिम्युलेशन सुरुवातीला ३० टक्के कमी दाखवतं. म्हणजे धोक्याची पातळी प्रत्यक्षात आधीच येते.

मग खरी परीक्षा कोणती?

एका चाचणीवरून आकडे बसवायचे, मग त्यांना हात न लावता दुसऱ्याच चाचणीचा अंदाज द्यायचा. वेगळा करंट, वेगळं हवामान, जुनी बॅटरी. तापमान चढतानाचा आणि उतरतानाचा आलेखही ताडून पाहायचा.

त्यामुळे 'आमचं सिम्युलेशन चाचणीशी तंतोतंत जुळतं' असा दावा कुणी केला, तर एक प्रश्न जरूर विचारा: ज्या चाचणीवरून आकडे बसवले तिच्याशी, की दुसऱ्या एखाद्या चाचणीशी?